सातवी 'ब'चा राउटर

शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीच्या ऑफिसात टेबलाखाली पालथा पडून स्विच बदलत होतो. "तुम्ही बसवलेलं ते काढून न्या," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, काय झालं, बंद पडलं का? "बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. पालक जमलेत. पोरांची डोकी दुखतात म्हणे त्यानं. दुपारी तीनला या, आणि जरा माहिती घेऊन या."

मी नेटवर्किंगचं काम करतो. राजारामपुरीत छोटं दुकान आहे, हाताखाली दोन पोरं. केबल ओढायची, रॅक भरायचा, वाय-फाय चालू करून द्यायचं आणि पुढं वर्षभर 'नेट स्लो आहे' हे ऐकायचं. आमच्या धंद्यात कुणी कौतुकाला फोन करत नाही. पण 'नेटमुळं पोरं आजारी पडली' ही तक्रार माझ्या चौदा वर्षांत पहिलीच.

शाळा पेठेतली, जुनी, दगडी बांधणीची. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं वर्गणी काढून पंचवीस टॅब आणि एक मोठा डिजिटल बोर्ड दिला होता. त्यासाठी वरच्या मजल्यावरची सातवी 'ब'ची खोली निवडली आणि संक्रांत झाल्यावर मी तिथं भिंतीवर नऊ फुटांवर राउटर ठोकला. (खरं म्हणजे तो ॲक्सेस पॉइंट, केबलनं आलेलं नेट हवेतून टॅबना देणारा डबा. पण राउटर म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही, मलाही आता तीच सवय लागलीय.) फेब्रुवारी संपत आला तेव्हा हा फोन.

दुपारपर्यंत मी तयारी केली. एका मित्राकडून रेडिओ लहरी मोजायचा हातातला मीटर आणला. कागदावर हिशेब मांडला. राउटर जास्तीत जास्त १०० मिलिवॉट फेकतो असं धरलं, ते सगळीकडं सारखं पसरतं असं धरलं, तर दोन मीटरवर बसलेल्या पोरापाशी दर चौरस मीटरला साधारण २ मिलिवॉट पोचतात. मोबाइल टॉवरसाठी सरकारनं २०१२ मध्ये मर्यादा कडक केली, आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. या फ्रिक्वेन्सीला ती दर चौरस मीटरला १ वॉट ठरली, म्हणजे १,००० मिलिवॉट. दोन कुठं आणि हजार कुठं. कागद घडी घालून खिशात ठेवला. मनात म्हटलं, पाच मिनिटांत सभा संपवतो.

सभा त्याच वर्गात होती. पोरं खाली मैदानात सोडलेली, बाकांवर तीसेक पालक. एक आई उभीच होती. हातात मोबाइल, त्यात बरेच फॉरवर्ड साठवलेले. ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. "माझी पोरगी रोज चारला घरी येती ती डोकं धरूनच. रविवारी काय नसतंय. सुट्टी असली की काय नसतंय. आता तुम्हीच सांगा कशानं दुखालंय." मागून आणखी सात-आठ जणांनी माना हलवल्या. माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. पण खिशात कागद होता, म्हणून मी तो काढला.

एक गृहस्थ म्हणाले, "मायक्रोवेव्हमध्ये बटाटा शिजतोय, त्याच लहरी ह्या. खरं का खोटं?" खरंच आहे ते, फ्रिक्वेन्सी जवळपास तीच, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. मी म्हटलं, पण तिथं पितळी डब्यागत बंद पेटीत आठशे वॉट कोंडलेले असतात आणि इथं एक दशांश वॉट सगळ्या खोलीत उधळलेला असतो. आठ हजार पटींचा फरक. मिरचीचं एक बी आणि मिरचीचं अख्खं पोतं. हे जरा पटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्यानं कॅन्सर काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २-बी गटात टाकलंय, हे त्याचं बरोबर होतं. मी सांगितलं की ते मुख्यतः मोबाइल कानाला लावून वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांच्या अभ्यासावरून, आणि पुरावा तोकडा म्हणूनच 'कदाचित'. पुढं त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे, असंही सांगितलं. दोन आज्या एकमेकींकडं बघायला लागल्या. हे मी बोलायला नको होतं. पुढची दहा मिनिटं कोरफडीवरच गेली.

मग फ्रान्स. "फ्रान्समध्ये शाळेत बंदी हाय." अर्धवट खरं. २०१५ च्या त्यांच्या कायद्यानं तीन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरात वाय-फाय नको, आणि प्राथमिक शाळेत शिकवायला वापरत नसाल तेव्हा बंद ठेवा असं आहे. मी म्हटलं, तेवढं आपणही करू, स्विचला टायमर लावून देतो. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं २००७ च्या सुमारास सांगितलं होतं की वर्षभर वाय-फायमध्ये बसून जेवढ्या लहरी मिळतात तेवढ्या मोबाइलवर वीस मिनिटं बोलून मिळतात. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एकानं चालू असलेला फोन हळूच कानावरून काढला.

त्या आईनं मग एक फोटो दाखवला. दोन ताटल्या, एकीत हिरवंगार, दुसरीत करपलेलं. खाली लिहिलेलं, वाय-फायजवळ ठेवलेल्या बिया उगवल्या नाहीत. हा किस्सा मला माहीत होता. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या नववीच्या पाच मुलींनी शाळेसाठी केलेला प्रयोग, जगभर फिरला. त्यात लावलेलं बी म्हणजे आपलं अळीव. मी तसं सांगितल्यावर खिडकीकडच्या आजी सरसावून बसल्या. "अळीव? बाळंतिणीच्या लाडवाचं?" तेच. "त्येला पाणी लागतंय. जरा कोरडं पडलं की गेलं. त्यो डबा तापतोय का?" म्हटलं, तापतो की, राउटर चोवीस तास कोमट असतो, शेजारी लॅपटॉपही होते. त्या प्रयोगावर जाणकारांनी घेतलेला मोठा आक्षेप हाच होता, की उबेनं माती वाळली असेल, आणि आजींनी तो पंधरा सेकंदांत घेतला.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण मीटर आणला होता, तो दाखवायची हौस. राउटरखाली धरला. आकडा मर्यादेच्या मानानं चिल्लर होता, पण त्या मीटरला तीन दिवे आहेत, हिरवा, पिवळा, लाल. ते कुठं बदलायचे हे बनवणाऱ्यानं आपल्या मनानं ठरवलेलं. राउटरखाली लाल दिवा लागला आणि वर मीटर टिवटिवला. मी घाईनं म्हटलं, दिवा बघू नका, आकडा बघा. कोण बघतंय! "म्हणजे हाय की! लाल दाखवालंय!" एका वडिलांचा खिशातला फोन वाजला तसा मीटर आणखी जोरात टिवटिवला, राउटरपेक्षा कितीतरी जास्त, पण तोवर निकाल लागला होता. सकाळचा माझा कागद त्या लाल दिव्यापुढं फुकट गेला.

माझ्याकडं आणखी एक पत्ता होता, तो मी टाकला नाही. २०१३ चाच एक अभ्यास आहे. काही लोकांना आधी वाय-फायच्या धोक्याची टीव्ही फिल्म दाखवली, बाकीच्यांना दुसरीच, मग सगळ्यांना खोट्याच वाय-फायजवळ बसवलं. काहीही चालू नसताना निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही व्हायला लागलं. तोंडावर आलं होतं. पण एका आईला 'तुमच्या पोरीचं डोकं दुखत नाही, तिला वाटतंय' असं पेठेत सांगून कोण सुखरूप परत जातंय! आणि बोललो असतो तर तोंडघशीच पडलो असतो, कारण डोकं खरोखर दुखत होतं.

मोठ्या बाईंनी चहा मागवला. तेवढ्यात मैदानातून चार-पाच पोरी दप्तरं घ्यायला वर आल्या. त्यात त्या आईचीही होती. मी तिला सहज विचारलं, तू कुठं बसतेस? तिनं खिडकीकडची तिसरी बाक दाखवली. राउटर समोरच्या भिंतीवर, दाराच्या अंगाला. म्हणजे ही त्याच्यापासून लांब. राउटरखाली बसणारी पोरगी शेजारीच उभी होती. तिला विचारलं, तुझं दुखतं का गं? "न्हाई सर. आमच्यात दाराचं वारं येतंय. हिच्याकडं लय कोंदट होतंय. बोर्ड लावला की पडदं बी वढत्यात."

मी खिडकीकडं बघितलं.

जुन्या लाकडी खिडक्या, आत उघडणाऱ्या फळ्यांच्या, तीन. दोनांवर जाड काळे पडदे, कारण दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट डिजिटल बोर्डावर येतं आणि काही दिसत नाही. तिसरीवर पडदा नव्हता. तिच्या चौकटीवरून पांढरी केसिंग-पट्टी गेली होती, चौकट, फळी, दुसरी फळी, पुन्हा चौकट, दर फुटाला एक स्क्रू. खिडकी शिवून टाकल्यागत. स्क्रू माझे होते.

जानेवारीत काय झालं होतं ते सगळं आठवलं. केबल बाहेरून आणायची होती. भिंत दगडी, वीस इंची. माझ्याकडचा सगळ्यात लांब बिट बारा इंचाचा. अर्धा तास दगड किरकिरवला, बिट लाल झाला, पोरगं म्हणालं, दादा, खिडकीच्या कोपऱ्यातनं घेऊ की. घेतली. थंडीचे दिवस होते, खिडकी बंदच होती, उन्हाळ्यात ती उघडायची असते हे डोक्यातही आलं नाही. बाकीच्या दोन खिडक्यांच्या फळ्या पडदे अडकू नयेत म्हणून शाळेनं कडी घालून ठेवल्या होत्या. म्हणजे बावन्न पोरं, वरचा स्लॅब तापलेला, फेब्रुवारीअखेरचं कोल्हापूर, मधल्या सुट्टीनंतर सलग तीन तास, आणि हवा यायला एकच दार. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४२० भाग, असतो. या खोलीत शाळा सुटेपर्यंत किती होत असेल हे मोजायचा मीटर मी आणला नव्हता. मी आणला होता तो टिवटिवणारा.

शिपाई मामांकडून स्टूल मागितलं आणि सगळ्यांसमोर स्क्रू काढायला लागलो. अकरा निघाले. फळी ओढली तर फुगलेली, दोन हिसक्यांनी उघडली आणि रंकाळ्याकडचं वारं आत आलं. सगळ्यांना सांगितलं, चूक माझी आहे, ही खिडकी मी बंद केली होती, डोकी बहुतेक कोंदट हवेनं आणि उकाड्यानं दुखत असणार, पोरं पाणीही कमी पीत असतील. खिडक्या उघड्या ठेवून आठ दिवस बघा, राउटर आहे तिथंच असू दे.

आई शांतपणे म्हणाली, "खिडकी उघडा. आणि ते बी बाहेर न्या." मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघून डोळे मिटले, म्हणजे न्या. तीस पालकांपुढं, ज्यानं खिडकी शिवली त्यानंच 'थांबा, एका वेळी एकच बदल करू' म्हणायचं? जीभ उचलली नाही. त्याच संध्याकाळी राउटर बाहेर व्हरांड्यात गेला.

जाताना आतल्या एका टॅबवर सिग्नल बघितला. आधी वजा ४८ होता, आता वजा ७१. (वजाचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर.) मधे ती वीस इंची भिंत. सिग्नल असा पडला की टॅब सावकाश बोलायला लागतो, म्हणजे तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ लहरी सोडत बसतो. आणि राउटर भिंतीवर नऊ फुटांवर होता, टॅब पोरांच्या छातीशी. मोठ्या बाईंना एवढं बोललो. त्या म्हणाल्या, "ते आता कुणाला सांगू नका."

दोन आठवड्यांनी बिल घ्यायला गेलो. वर जाऊन वर्ग बघितला, तिन्ही खिडक्या उघड्या, बोर्ड उन्हापासून वाचवायला समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर नेलेला. डोकेदुखीची एकही तक्रार नाही, मोठ्या बाई म्हणाल्या. मग हसत मोबाइल पुढं केला. पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज होता, हात जोडलेल्या खुणांसकट: राउटर वर्गाबाहेर काढल्यापासून मुलांचा त्रास पूर्ण बंद, इतर शाळांनीही बोध घ्यावा. खिडकीचं नावही नव्हतं. खाली चाळीसेक अंगठे. आजींचा नातू त्यात होता, त्यानं मात्र लिहिलेलं, 'आज्जी म्हनतीय खिडकी'. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

परवा दुसऱ्या एका शाळेतून फोन आला. "तुम्ही राउटर वर्गाबाहेर काढून देता म्हणे. किती घेता?" मी विचारलं, वर्गात खिडक्या किती आणि उघडतात का. पलीकडं जरा वेळ शांतता. "खिडक्यांचा काय संबंध?" म्हटलं, येऊन बघतो. निघताना पिशवीत स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि नवा आणलेला चोवीस इंची बिटही.