मार्डीच्या रानातली शिकारी मुंगी: ओळख आणि वर्णन, माझा अनुभव

उत्तर सोलापूर तालुक्यात मार्डीच्या बाजूला माझ्या मामांचं रान आहे. मुरमाड जमीन, बांधावर बाभळी आणि बोरी, त्यांच्या बुडाशी वाळवी. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की या बांधावरून काळ्या, चकचकीत मुंग्यांची रांग निघते. तीन-चार जणी शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद, पुढे जाऊन फाटे फुटलेली. जाताना सगळ्या मोकळ्या असतात, परतताना जबड्यात वाळवी असते. गावात या मुंगीला वेगळं नाव नाही. अंगानं मोठी आणि काळी म्हणजे मुंगळा. "मुंगळेच की गं, काय बघायलीस एवढं?" असं मामांनी विचारलं होतं. पण मुंगळा गुळाला लागतो. ही रांग गुळाच्या खड्याशेजारून गेली तरी वळली नाही.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी हीच मुंगी घेतली. काम दोन भागांचं होतं. एक, तिची जात ओळखायची. दोन, तिचं असं वर्णन लिहायचं की ज्यानं ती कधी पाहिली नाही त्यालाही पुढे ओळखता यावी. पहिला भाग अवघड आणि दुसरा सोपा, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे, आणि ते सांगावं म्हणूनच हे लिहिते आहे.

मार्डीपासून नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळच आहे. अभयारण्याच्या हद्दीत काहीही गोळा करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, मग ती मुंगी का असेना. मामांचं रान हद्दीबाहेर आणि खासगी मालकीचं, त्यामुळे त्यांची संमती पुरली. ज्यांना सोलापूरच्या माळावर असं काम करायचं असेल त्यांनी ही हद्द आधी नकाशावर नीट बघून घ्यावी.

आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली: नाव शोधायला बसण्याआधी वहीत लिही. नाव एकदा कळलं की डोळे तेच बघतात जे पुस्तकात आहे. म्हणून मी रांगेशेजारी बसून लिहीत गेले. रांग कुठून निघते, फाटा कुठे फुटतो, उन्हं चढल्यावर काय होतं, वाळवी कुठे धरतात, कशी उचलतात. प्रत्येक मुंगी आपली शिकार एकटीच उचलते, दोघी-तिघी मिळून ओढत नाहीत. वाळवीला अंगाखाली, पायांच्या मध्ये लांबीनं धरून चालते. उन्हाचा चटका बसायला लागला की रांग विरळ होत होत बिळात जाते आणि दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर पडते. यातलं एकही वाक्य मेलेल्या नमुन्यावरून लिहिता आलं नसतं.

गोळा करायला पूटर वापरला. काचेची बाटली, बुचात दोन नळ्या, एका नळीनं ओढून घ्यायचं. मुंगळ्यासारख्या मुंग्या पकडताना फॉर्मिक आम्लाची वाफ घशात जाते, तसं इथे होत नाही, कारण ही मुंगी आम्ल फवारत नाही. ती डंख मारते, आणि तो चांगला झोंबतो. काही नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आणि काही पंचाण्णव टक्क्यांत, म्हणजे पुढे कुणाला डीएनए काढायचा झाला तर सोय राहते. बाटलीत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि मुंगी नेमकी कुठे होती ते. 'सोलापूर' एवढंच लिहिलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी असतो. जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत जमीन, पाऊस, झाडोरा सगळं बदलत जातं.

मग टाचणीचं काम. मुंगीच्या अंगात टाचणी खुपसत नाहीत. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापायचा, त्याच्या रुंद बाजूतून टाचणी घालायची आणि टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थेंब लावून मुंगी चिकटवायची. टोक मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये आलं पाहिजे, म्हणजे डोकं, कंबर आणि पोटाचं टोक मोकळं राहतं. पुढे पाहावं लागतं ते बहुतेक सगळं तिथेच असतं. एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद ठेवून हे करायचं म्हणजे काय ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण पंखा चालू असला तर मुंगी उडून जाते.

ओळख पटवायला किल्ली वापरतात. किल्ली म्हणजे जोडीजोडीनं मांडलेली विधानं. जे लागू पडेल ते धरायचं आणि ते नेईल त्या पुढच्या जोडीवर जायचं. पहिला प्रश्न कमरेचा. छाती आणि पोट यांच्या मध्ये गाठी एक की दोन? इथे एकच. त्यानं घरातल्या बारीक लाल मुंग्यांचं सगळं मोठं उपकुळ बाद झालं. मग पोटाचं टोक. मुंगळ्याच्या टोकाला केसांची झालर असलेलं गोल छिद्र असतं, आम्ल तिथून निघतं. इथे स्पष्ट डंख होता. पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमध्ये किंचित आवळल्याची खूणही होती. म्हणजे पोनेरिनी उपकुळ, ज्यातल्या बहुतेक मुंग्या शिकारी आहेत. रांगेनं धाड घालणाऱ्या डोरायलस मुंग्यांचाही विचार करावाच लागतो, पण त्यांच्या कामकऱ्यांना डोळे नसतात आणि एकाच घरात लहानमोठ्या आकाराच्या कामकरी असतात. माझ्या मुंगीला व्यवस्थित डोळे होते आणि सगळ्या जवळपास एकाच मापाच्या होत्या.

पोनेरिनीत शिरल्यावर सोलापूर भागात सहज समोर येणारी डायाकामा बाजूला काढावी लागते. तीही काळी आणि मोठी. पण तिच्या अंगावर ठसठशीत रेघा असतात, कमरेच्या गाठीवर दोन काटे असतात आणि ती एकटी हिंडते. माझ्या मुंगीचं अंग गुळगुळीत, गाठ बिनकाट्याची. तिच्या चेहऱ्याचा पुढचा भाग, जबड्यांच्या वरची क्लायपियस ही पट्टी, मध्यभागी त्रिकोणी होऊन पुढे आलेली आणि त्या त्रिकोणावर उभी धार. हे लेप्टोजेनिस या प्रजातीचं लक्षण. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. या गटात जगभरात तीनशेच्या वर जाती आहेत.

खात्री मात्र नखांनी होते. लेप्टोजेनिसच्या पायाच्या नखांना आतल्या बाजूनं फणीसारखे दात असतात. हे दात बघायला मी सगळ्यात जास्त झगडले. मुंगी सुमारे सात मिलिमीटरची, तिच्या पावलाचं नख केसाएवढं. सूक्ष्मदर्शकाखाली दिव्याचा प्रकाश तिच्या चकचकीत अंगावरून असा परावर्तित होतो की बारीक तपशील पांढऱ्या झगमगाटात हरवून जातो. उपाय साधा निघाला. शिवणकामाच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर नळकांड्यासारखा गुंडाळून नमुन्याभोवती उभा केला आणि दिवा बाहेरून लावला. उजेड मवाळ झाला आणि दात एकामागून एक मोजता येतील इतके स्वच्छ दिसले. त्या क्षणाचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो. एवढ्याशा जिवाच्या पावलात इतकी नेमकी रचना असते हे वाचलेलं होतं, पण स्वतः पाहणं निराळं.

जात ठरवायला जुन्या ग्रंथांकडे जावं लागलं. भारतातल्या मुंग्यांसाठी चार्ल्स बिंगहॅम यांचा १९०३ चा खंड आजही उघडावाच लागतो. गंमत अशी की त्यात ही मुंगी लोबोपेल्टा या प्रजातीत आहे. त्याही आधी, १८५१ मध्ये टी. सी. जेर्डन यांनी तिचं पहिलं वर्णन केलं तेव्हा तिला पोनेरा म्हटलं होतं. आजचं नाव लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस. प्रजाती बदलत गेली, जातीचं नाव तेच राहिलं. जुन्या पुस्तकात आजचं नाव शोधणाऱ्याला ही साखळी ठाऊक नसेल तर हाती काहीच लागत नाही. २०१४ मध्ये पोनेरिनीची पुन्हा मोठी फेरमांडणी झाली. पूर्वी पॅकिकॉन्डिला म्हणून नोंदलेल्या कितीतरी मुंग्या वेगवेगळ्या प्रजातींत गेल्या. म्हणून मी जुनी किल्ली वापरल्यावर प्रत्येक नाव नव्या यादीत तपासत गेले.

जेर्डन हे मद्रास इलाख्यातले लष्करी डॉक्टर. पक्षी पाहणाऱ्यांना ते जेर्डन्स कोर्सर या पक्ष्यामुळे माहीत असतात. दक्षिण भारतातल्या मुंग्यांची जी यादी त्यांनी १८५१ मध्ये छापली, त्यात ही रांगवाली मुंगीही आहे आणि उड्या मारणारी प्रसिद्ध हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटरही. त्यांनी ज्या मुंग्या हातात धरून हे लिहिलं ते नमुने आज कुठे असल्याची नोंद नाही. उरले आहेत ते शब्द. फोटो नाही, चित्र नाही, नमुना नाही, तरी पावणेदोनशे वर्षांनंतर त्या शब्दांवरून आपण मार्डीच्या बांधावरची मुंगी ओळखतो. हे कळल्यावर माझ्या वहीतल्या प्रत्येक ओळीकडे मी वेगळ्या काळजीनं बघायला लागले.

मी लिहिलं होतं, 'रंग काळा'. मॅडमनी विचारलं, पाय? शृंगिका (डोक्यावरच्या मिशा)? जबड्याचं टोक? नीट पाहिलं तर पाय आणि शृंगिका लालसर तपकिरी होत्या. 'अंग गुळगुळीत' लिहिलं, तर नमुना ओला होता की वाळलेला, हा प्रश्न आला. अल्कोहोलमधून नुकती काढलेली मुंगी सगळीच गुळगुळीत दिसते. पृष्ठभागाचा पोत वाळल्यावरच कळतो. 'डोकं लांबट' हे तर वर्णनच नव्हे. लांबट म्हणजे किती, ते मोजून सांगायचं.

मोजमापाची पद्धत ठरलेली आहे. डोक्याची लांबी क्लायपियसच्या पुढच्या कडेपासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत, समोरून सरळ बघून. रुंदी डोळे सोडून, जिथे सर्वांत जास्त असेल तिथे. शृंगिकेच्या पहिल्या लांब खंडाची लांबी मुळाशी असलेली गोळी वगळून. छातीची तिरकी लांबी बाजूनं. मग रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणायचं, तो डोक्याचा निर्देशांक. शंभराच्या खाली आला तर डोकं रुंदीपेक्षा लांब. मोजण्याआधी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातली पट्टी प्रमाणित काचपट्टीवर जुळवून घ्यावी लागते, आणि भिंगाची ताकद बदलली की पुन्हा. डोकं जरा जरी कललं तरी लांबी कमी भरते, म्हणून प्रत्येक नमुना दोन्ही कडा एकदम स्पष्ट दिसेपर्यंत हलवत बसायचं. हे काम कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात. मला ते फार आवडलं. पंधरा-वीस मुंग्या मोजून झाल्या की एकाच घरातल्या बहिणींमध्येही किती फरक असतो ते आकड्यांत दिसायला लागतं. एकच मुंगी मोजून 'एवढी असते' असं लिहिणं किती धोक्याचं आहे, हे तेव्हा पटतं.

घरी सगळ्यांचा एकच प्रश्न होता: "नवीन जात निघाली का?" नाही निघाली. निघाली असती तर वाट आणखी लांब होती. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्याप्रमाणे एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवावा लागतो आणि त्याच्यावर ते नाव कायमचं बांधलं जातं. जवळच्या प्रत्येक जातीपासून ती कशी वेगळी, हे दाखवावं लागतं. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नव्या जातीची माहिती आणि नमुने सरकारनं नेमलेल्या भांडाराकडे देणं बंधनकारक आहे. पण सापडलेली मुंगी जुनी आहे म्हणून काम कमी मोलाचं होतं असं मला अजिबात वाटत नाही. २०१६ च्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आहेत. त्यातल्या पुष्कळांची आपल्या माळरानावरची नोंद एका ओळीची आहे.

मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या एका तज्ज्ञांकडे नमुने, फोटो आणि वर्णन पाठवलं. त्यांनी जात मान्य केली आणि दोन गोष्टी मागितल्या: डोळ्याचा व्यास, आणि राणी व नर. डोळा मोजून दिला. राणीचं अवघड आहे. लेप्टोजेनिसच्या बहुतेक जातींत राणीला पंख नसतात, ती दिसायला कामकरीसारखीच, फक्त पोट थोडं भरलेलं आणि कमरेची गाठ जाडसर. रांगेत ती ओळखू येत नाही. बीळ खणल्याशिवाय मिळायची नाही. नराला पंख असतात. पावसाळ्यात मामांच्या पडवीतल्या दिव्यावर मुंग्यांचे पंखवाले नर येतात, त्यात लेप्टोजेनिसचे वाटणारे काही मी ठेवलेही आहेत. वर्णनात मात्र ते घातलेले नाहीत. दिव्यावर आलेला नर नेमका याच जातीचा, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. तो कामकऱ्यांबरोबर एकाच बिळात मिळाला पाहिजे, नाहीतर दोघांचा डीएनए जुळला पाहिजे.

एक संच कॉलेजच्या संग्रहात ठेवला आहे, दुसरा तज्ज्ञांच्या सल्ल्यानं मोठ्या संग्रहाकडे पाठवायचा आहे. आता मला मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले नमुने हवे आहेत. मुरमाडावरच्या आणि काळ्या मातीतल्या मुंग्यांची मापं शेजारी शेजारी ठेवून बघायची आहेत. त्या बाजूला कुणाला पहिल्या पावसानंतर वाळवी घेऊन परतणारी अशी रांग दिसली, तर जागा, वेळ आणि तारीख लिहून ठेवा. जमलं तर पाच-सहा मुंग्या छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये घाला. बिळात हात घालू नका. आणि चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा.