६१७४शी जमलेली गट्टी : वहीतील प्रगती

गेले काही आठवडे ठाणे–वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वही उघडून मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे : गणिती कापरेकरांच्या कृतीत, म्हणजे संख्येचे अंक मांडून वजाबाकी करीत राहण्याच्या खेळात, शेवटी ६१७४च का येते, दुसरी एखादी संख्या का येत नाही? संगणक क्षणात सर्व संख्या तपासून देईल, परंतु त्यातून ‘होय, असेच होते’ एवढेच कळते. म्हणून त्याला हात लावायचा नाही असे ठरवले होते. उत्तर आता हाती आले आहे आणि ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच आटोपशीर आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळाशिक्षक. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले, त्यामुळे आम्हा ठाणेकरांना ते घरचेच वाटतात. त्यांनी अभ्यासलेल्या आणखी एका संख्याप्रकाराचे ‘डेम्लो संख्या’ हे नावही त्यांनी जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरील एका स्थानकावरून घेतले. कृती १९४९ मधली : चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करीत जावे. त्यांचे जन्मवर्ष घेतले तर ९५१० − ०१५९ = ९३५१, पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. त्यांचे मृत्युवर्ष पहिल्याच पायरीला ८१७२वर येऊन याच वाटेला लागते, तर शोधाचे वर्ष, १९४९, निराळ्या वाटेने पण सातव्याच पायरीला पोहोचते. हा निव्वळ योगायोग आहे, पण वहीत चौकटीत लिहून ठेवण्याजोगा.

आता मुख्य भाग. उतरत्या क्रमातील पहिल्या व चौथ्या अंकांच्या वजाबाकीला मी बाहेरचा फरक म्हणतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांच्या वजाबाकीला आतला फरक. कृतीचे उत्तर म्हणजे बाहेरच्या फरकाची ९९९ पट अधिक आतल्या फरकाची ९० पट, बाकी काही नाही. त्यामुळे (सुरुवातीला शून्य असलेल्याही धरून) ९,९९० संख्यांचा पसारा एका वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतो. आतला फरक शून्य नसेल, तर या उत्तराचे चार अंक दोन जोड्यांत पडतात. एका जोडीची बेरीज १० असते, म्हणजे ती पाचाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असते; दुसरीची बेरीज ८ असते, म्हणजे ती चाराच्या दोन्ही बाजूंना असते. पहिल्या जोडीचे अंतर बाहेरचा फरक पाचापासून जितका दूर तितके, आणि दुसरीचे अंतर आतला फरक पाचापासून जितका दूर तितके. ही दोन अंतरे वेगळी असली की पुढच्या फेरीत मोठ्या अंतराची दुप्पट हा नवा बाहेरचा फरक होतो आणि लहान अंतराची दुप्पट हा नवा आतला फरक. संख्या जागच्या जागी राहायची असेल, तर नवे फरक आणि जुने फरक एकच हवेत. ते दुप्पट असल्यामुळे सम आहेत. सम संख्येचे पाचापासूनचे अंतर विषम असते. आणि अंतर चारापलीकडे जात नसल्याने विषम अंतरे दोनच, १ आणि ३. म्हणून बाहेरचा फरक ६, आतला २, आणि ५९९४ + १८० = ६१७४. अंतरे समान असण्याचे आणि आतला फरक शून्य असण्याचे प्रकार वेगळे तपासले. तेथे एकही स्थिर संख्या मिळत नाही. केवळ अंकांची अदलाबदल असलेली उत्तरे एकत्र केली की ५४ची ३० होतात आणि त्या तिसांचा प्रवास एका पानावर मावतो.

गणितज्ञांचा एखाद्या संख्येवर जीव का जडतो, हे मला या पानानंतर अधिक कळले. जर्मनीतील ब्राउनश्वाइगमध्ये गणितज्ञ गाउसच्या स्मारकावर सतरा टोकांचा तारा आहे, कारण १७९६ मध्ये त्याने कंपास व पट्टीने सुसम सतराभुज काढता येतो हे सिद्ध केले, आणि तसे का होते हेही त्याला ठाऊक होते : १७ उणे १ म्हणजे १६, आणि १६ ही दोनाची घात. उलट, ज्या इंग्रज गणितज्ञ हार्डींना रामानुजनांना भेटायला जाताना १७२९ हा टॅक्सीचा क्रमांक नीरस वाटला होता, त्यांनीच १९४० मध्ये लिहिले की ८७१२ आणि ९८०१ या संख्या उलट लिहिलेल्या आपल्याच रूपाच्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत, यात गणितज्ञाला रुचण्यासारखे काही नाही. हा आक्षेप ६१७४लाही लागू पडतो, कारण दशमान पद्धत सोडली की तिचे वैशिष्ट्य उरत नाही. तरीही मला तो पूर्ण पटत नाही. वरच्या युक्तिवादात काम करते ती सम-विषमता, आणि दहाचा निम्मा विषम असणे. अंकांची गंमत त्यावर केवळ बेतलेली आहे.

पुढचे काम पाच अंकांचे. तेथे मधला अंक वजाबाकीत नाहीसा होतो, उत्तराच्या मध्यभागी नेहमी ९ येतो आणि उत्तरे पुन्हा ५४च. मात्र स्थिर संख्या एकही नाही, तीन चक्रे आहेत, म्हणजे त्याच त्या संख्या फिरून फिरून येत राहतात. त्यांतले सर्वांत लहान, ५३९५५ आणि ५९९९४ यांचे, कागदावर उतरले आहे. चार-चार संख्यांची उरलेली दोन चक्रे याच अंतरांच्या भाषेत मांडता येतात का, हे सध्या पाहत आहे.