ब्रिक्समधली 'आकागी'

विमानवाहू नौकेचं मॉडेल म्हटलं की हात आधी फ्लाइट डेककडे, म्हणजे वरच्या धावपट्टीकडे जातो. पण जपानची विमानवाहू 'आकागी' मुळात बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, म्हणून बांधायला घेतली होती. मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२च्या वॉशिंग्टन नाविक करारामुळे तो बेत रद्द झाला आणि कुरेच्या गोदीत त्याच सांगाड्यावर हँगर, म्हणजे विमानं ठेवायची दालनं, चढवले गेले. लेगो ब्रिक्समध्ये ती करताना मीही तोच क्रम धरला: आधी बॅटलक्रूझरचा निमुळता हल (नौकेचं खालचं धड), मग हँगर, डेक सगळ्यात शेवटी.

हीच नौका निवडली, कारण ही आपल्या हिंदी महासागरात येऊन गेली आहे. एप्रिल १९४२मध्ये कोलंबोवर तुटून पडलेल्या ताफ्याची ही प्रमुख नौका.

प्रमाण १:३५०. २६० मीटरची नौका पाऊण मीटरवर येते, रुंदी अकरा स्टड (ब्रिकवरच्या गोल खुंट्या). विषम आकडा पथ्यावर पडला. मधल्या ओळीत टेक्निक बीमचा (लेगोच्या भोकांच्या लांब पट्ट्यांचा) कणा सरळ बसला.

घाम काढला तो धुरांड्याने. १९३५-३८च्या फेरबांधणीत, सासेबोला, तीन पायऱ्यांचे डेक जाऊन एकच सलग डेक आला आणि उजव्या अंगाला एकच अजस्र धुरांडं, तोंड खाली समुद्राकडे. उतरणाऱ्या वैमानिकाच्या वाटेत धूर येऊ नये म्हणून. ब्रिक्स एकावर एक चढतात, हे मात्र बाहेर झुकून खाली वळतं. हँगरच्या भिंतीत भोकांचे टेक्निक ब्रिक्स घातले, त्यांत पिना, पिनांवर बिजागरीच्या प्लेट्स आणि वरून गडद करड्या गोलसर स्लोपचं (उतरत्या ब्रिक्सचं) आवरण. तोंडाशी ग्रिल टाइल (जाळीदार सपाट तुकडा). जुन्या फोटोशी ताडून बिजागरी एकेक खाच खाली घेतली. कोन जमला आणि अख्खी नौका एकदम ओळखू यायला लागली. समोर डाव्या काठावर चिमुकला ब्रिज, म्हणजे नौका चालवायचा मनोरा. जपानी विमानवाहूंत तो डावीकडे फक्त हिच्यावर आणि 'हिर्यू'वर.

मधल्या लिफ्टभोवतीचा डेक मी उचलता येईल असा ठेवला. ४ जून १९४२ला मिडवेच्या लढाईत या लिफ्टच्या काठाशी पडलेला बॉम्ब वरच्या हँगरमध्ये फुटला. आत इंधन आणि दारूगोळा भरलेली विमानं होती. आग आटोक्यात येईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे जपानी विनाशिकांनीच टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. २६७ माणसं गेली. ती जागा मॉडेलमध्ये बंद पेटी राहणं मला पटेना. आत हिरव्या प्लेट्सची टॉर्पेडो विमानं दाटीवाटीने लावली आहेत.

कुणी करणार असेल तर डेकच्या टॅन टाइल्स एकाच विक्रेत्याकडून, एकदमच घ्या. वेगवेगळ्या लॉटच्या छटांमधला फरक एवढ्या लांब सपाट डेकवर लगेच नजरेत भरतो.