आईचं "का"

मंगळवार, रात्री २.४०

आत्ताच आईची कूस बदलली. दर दोन तासांनी बदलायची असते, डावी मग उजवी, पाठीशी उशी लावून ठेवायची म्हणजे ती परत उताणी होत नाही, आणि टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. हे सगळं आता डोळे मिटूनही जमतं. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

जखम आज जरा बरी वाटली. माकडहाडाच्या थोडी वर आहे, सुरुवातीला नुसता लाल डाग होता, दाबला तरी पांढरा न होणारा, मला वाटलं घामाने झालं असेल आणि मी पावडर लावत बसले. हे मला अजून टोचतं. आज सलाईनने भिजवून गॉझ हळूहळू सोडवला तर कडेला लालसर दाणेदार मांस दिसलं, सिस्टर म्हणाल्या हे नवीन मांस आहे, चांगलं लक्षण आहे. मी अक्षरशः रडले, इतक्याशा दाण्यांसाठी.

स्ट्रोकनंतर आईकडे एकच शब्द उरलाय. "का". पाणी हवं असलं तरी का, लाईट डोळ्यावर आला तरी का, मला बघून हसते तेव्हाही का. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचा भाग असतो, तिथे मार बसला की कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. बरं, नाही लावत. पण रात्री गॉझ निघताना ती माझ्याकडे बघते आणि "का" म्हणते तेव्हा मी काय करू? मला तर तो प्रश्नच ऐकू येतो. सात महिने झाले, माझ्याकडे उत्तर नाही.

रविवारी चर्चच्या मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या होत्या. प्रार्थना केली, बरं वाटलं, आणि निघताना दारात म्हणाल्या की घरात कुणाचं कबूल न केलेलं पाप असेल तर बघ, देव उगाच असं करत नाही. मी गप्प राहिले. नंतर रात्री आठवलं की जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाबद्दल शिष्यांनी प्रभू येशूला नेमकं हेच विचारलं होतं, कुणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि प्रभू सरळ म्हणाला, ह्यानेही नाही आणि त्यांनीही नाही. दारात हे आठवलं असतं तर! त्यांचं मन वाईट नाही मला माहितीये, पण ते वाक्य दोन दिवस पोटात दगडासारखं पडून होतं.

आज संध्याकाळी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला, येशूला क्रूसावर खिळतात तो. कितीतरी वेळा वाचलाय, दर शुभ शुक्रवारी ऐकलाय, पण आज वेगळाच वाचला गेला. खिळण्याच्या आधी त्याला बोळ म्हणजे एक सुगंधी डिंक मिसळलेला द्राक्षारस देतात, वेदना थोडी बधिर व्हावी म्हणून देत असत असं म्हणतात, आणि तो घेत नाही. मी तिथेच थांबले. कारण ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास मी आईला न चुकता दुखण्याची गोळी देते, एखाद दिवस उशीर झाला तर काय होतं ते मी बघितलंय. आणि त्याने समोर आलेलं परत केलं. बधिर न होता, पूर्ण जागा राहून त्याने ते सगळं अंगावर घेतलं, आमच्यासाठी.

मग दुपारी बारा ते तीन अंधार, आणि मग ती हाक, तू मला का सोडलंस म्हणून देवाला मारलेली. एलोई, एलोई, लमा सबख्थनी. अख्खं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलंय पण हे शब्द मार्कने तसेच ठेवलेत, अरामीमध्ये, येशूच्या घरच्या भाषेत. खूप दुखलं की माणसाच्या तोंडून घरचीच भाषा येते ना. आणि त्यातलं "लमा" म्हणजे का. आईचाच शब्द. बायबलमधल्या बावीसाव्या स्तोत्राची ती पहिलीच ओळ आहे हेही मला माहीत होतं, लहानपणी पाठ केलेलं, पण देवाच्या पुत्राच्या तोंडी "का" आहे आणि त्यावर आकाशातून उत्तर आलेलं नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी नीट बघितलंच नव्हतं. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी वाणी आली, डोंगरावर रूप पालटलं तेव्हा वाणी आली, इथे काहीच नाही. उलट जवळ उभे होते त्यांना वाटलं हा एलीया संदेष्ट्याला हाका मारतोय. म्हणजे त्याच्या वेदनेचाही लोकांनी भलताच अर्थ लावला. हे वाचल्यावर त्या बाईंवरचा माझा राग कसा कोण जाणे पण बराचसा उतरला.

युर्गेन मोल्टमन म्हणून एक जर्मन ईश्वरविज्ञानी होते, त्यांचंही असंच. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, शेजारी उभा असलेला मित्र जागच्या जागी गेला. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना कुणीतरी बायबल हातात दिलं आणि मार्कमधल्या ह्याच हाकेपाशी त्यांना वाटलं की हा मला समजून घेणारा आहे.

आणि क्रूसावरच्या येशूचं एक चित्र आहे ते मी मोबाईलवर सेव्ह करून ठेवलंय. ग्रुनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी केलेलं, आता ते फ्रान्समध्ये कोलमारच्या म्युझियममध्ये आहे. त्या मठात एका भयंकर रोगाच्या लोकांची सेवा व्हायची, राय धान्यावरच्या बुरशीमुळे व्हायचा तो, अंगाची आग आग, बोटं पाय काळे पडून झडायचे. त्या रोग्यांना ह्या चित्रापुढे आणत. चित्रातला येशू देखणा नाहीये, कातडी हिरवट पडलेली, अंगभर काटे रुतलेले आणि फोड, हाताची बोटं वेदनेने ताणून वाकडी झालेली. स्वतःचे झडलेले पाय घेऊन आलेल्या माणसाने वर बघितलं तर त्याला त्याचंच अंग तिथे टांगलेलं दिसत असणार. मी झूम करून करून बघते. आईची जखम मी कुणाला दाखवत नाही, पाहुणे आले की चादर ओढून घेते, पण ह्याच्यापुढे चादर ओढायची गरज नाही. मेलेल्यातून उठल्यावरही येशूने स्वतःच्या जखमा झाकल्या नाहीत, थोमा ह्या शिष्याला म्हणाला बोट घाल.

मला उत्तर मिळालंय असं नाही. पण त्याला त्या तीन तासांत सोडून दिलं गेलं ते आईला कधीच सोडून दिलं जाऊ नये म्हणून, एवढं मी धरून आहे, घट्ट.

पहाटे ४.४५

कूस बदलली, डावी. गॉझ कोरडा आहे. ती जागी होती, माझा हात धरला आणि म्हणाली, "का". नेहमी मी "काही नाही गं, झोप" म्हणते. आज नाही म्हटलं. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याचंच वाक्य सावकाश म्हणायला लागले. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग... आणि पुढचा शब्द माझ्या आधी तिनेच म्हटला.

मग झोपली. पुढची पाळी पावणेसातला.