आरतीतला एक आवाज

परवा दुपारी फोनमधली जागा मोकळी करताना बऱ्याच वर्षांपूर्वीच्या गणपतीतल्या आरतीचे ध्वनिमुद्रण सापडले. वीसेक माणसे, दोन झांजा, मध्येच घंटा. त्या गलबल्यात आजीचा आवाज शोधत मी ते सात वेळा ऐकले आणि सातही वेळा तो निसटला. तेव्हा सिम्हा आरोम आठवले.

१९३० साली ड्युसेलडॉर्फला जन्मलेले हे फ्रेंच संगीतशास्त्रज्ञ मूळचे फ्रेंच हॉर्न वाजवणारे. १९६३ मध्ये त्यांना मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पाठवले गेले ते बँडपथक उभारण्यासाठी. शिकवायला गेलेला हा माणूस तिथले संगीत ऐकतच राहिला. बांदा-लिंदा लोकांच्या शिंगवाद्यांच्या ताफ्यात प्रत्येक वादकाच्या वाट्याला एकच स्वर येतो, तो त्याने आपल्या जागी, आपल्या लयीत वाजवायचा, आणि त्या सुट्या स्वरांतून असे दाट विणकाम उभे राहते की कोणता धागा कुणाचा हे कानाला कळत नाही. बरे, एकट्याला वाजवायला सांगावे, तर शेजाऱ्यांच्या स्वरांवाचून त्याची जागाच हरवते.

आरोम यांनी काढलेली तोड मला फार आवडते. आधी सगळा ताफा ध्वनिमुद्रित करायचा. मग एका वादकाचा स्वर वेगळा टिपायचा. तो हेडफोनमधून दुसऱ्याला ऐकवायचा आणि त्याच्या जोडीने दुसऱ्याने आपला वाजवायचा, असे शेवटच्या शिंगापर्यंत. शिवाय कुणीतरी टाळ्यांनी मात्रा धरायची. ही मात्रा एरवी कुणी वाजवून दाखवत नाही, पण मनात सगळ्यांच्याच चालू असते. त्यातून एकेकाची स्वरलिपी करता आली, आणि १९८५ साली या बहुस्वरी, बहुतालीय संगीतावरचा त्यांचा जाडजूड फ्रेंच ग्रंथ निघाला.

आमच्या आरतीत मात्र टाळी प्रत्येकाची निराळी असते. ताल सोडून टाळ्या वाजवणारी माणसे मला लहानपणापासून सहन होत नाहीत, आणि त्यांत आजी पहिली. तिची टाळी नेमकी अर्ध्या मात्रेने मागे पडायची आणि मी तिच्याकडे डोळे वटारून पाहायचो.

आठव्यांदा ऐकताना मी आवाज सोडून टाळ्यांकडे कान लावला. दुसऱ्या कडव्यात, सगळ्यांच्या टाळीनंतर, अर्ध्या मात्रेने एक टाळी वाजते.

ध्वनिमुद्रण पुसायचे राहिले. फोनमध्ये अजूनही जागा नाही.