निवडक का नाही वाचत?

‘सगळं कशाला वाचतेस? निवडक वाच की.’ हा प्रश्न मला घरी, स्टाफरूममध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतही ऐकावा लागलाय. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते. ‘मर्ढेकरांची कविता’, म्हणजे कवी बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांचं एकत्रित पुस्तक, मी दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. क्रमाने.

पुस्तक मुळात जाड नाही. माणूस ४६व्या वर्षी गेला, संग्रह तीनच. १९३९ सालच्या ‘शिशिरागम’मधला हळवा तरुण १९४७च्या ‘काही कविता’त भेटतो तेव्हा ओळखू येत नाही. मधे महायुद्ध होऊन गेलंय, भाषा मोडलीय, ओव्या-अभंगांच्या चालीत यंत्रं शिरलीत. निवडकात ही उडी दिसेल कशी?

पण खरं सांगते, वीस वर्षं मीही निवडकच वाचत होते. माझ्या प्रतीत अनुक्रमणिकेवर पेन्सिलच्या खुणा होत्या. परीक्षेला येणाऱ्या कवितांपुढे बरोबर, ‘शिशिरागम’मधल्या बहुतेकींपुढे फुली. त्या मुलीचा मला आज राग येतो. कवीला नापास करायची तिला घाई झाली होती.

मग बाबांचं शेवटचं आजारपण आलं. काचबिंदूने दिसणं गेलं होतं, रोज संध्याकाळी मी वाचून दाखवायचे. ‘गणपत वाणी’ त्यांना पाठ, माझ्याबरोबर म्हणायचे. मरणाची कविता आली की मी गुपचूप पुढे जायचे. प्रत जुनी, पानं कडक झालेली, उलटली की वाजायची.

‘दोन पानं गेली,’ बाबा एकदा म्हणाले.

‘चिकटली होती,’ मी म्हटलं.

ते गप्प राहिले. जरा वेळाने म्हणाले, ‘उंदीर कुठे गेले?’

मी मागे गेले. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ वाचायला घेतली. ‘मुरगळल्याविण’पाशी माझा आवाज बसला. तो शब्द बाबांनीच म्हटला, सावकाश, एकेक अक्षर सोडवून. म्हणाले, ‘३४ वर्षं डोंबिवली-व्हीटी केलं मी. हे मला कळणार नाही असं वाटलं तुला? तू नुसती वाच. गाळू नकोस.’

मी पूर्ण वाचली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. झोपले की रडले, कळलं नाही. रात्री जेवले नाहीत. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, ‘आजारी माणसापुढे असलं वाचतात का?’ मी तिला फाडकन उत्तर दिलं, ‘त्यांनीच मागितलं.’

मागितलं होतं हे खरं. पण आईचं चुकलं होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. ते ताट तसंच झाकून ठेवलेलं मी पाहिलंय.

म्हणून गाळत नाही. काही कविता आजही माझ्यापर्यंत पोचत नाहीत, काहींचा कंटाळाही येतो. त्याही वाचते, मोठ्याने. यंदाचा ‘शिशिरागम’ कालच संपला.