पडद्यावरचे आठ अंश

गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरहून ट्रेलरवर चढवून आणलेली एक फियाट लिनिया टी-जेट आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उतरली, तेव्हा तिच्याबरोबर तिचा मालक आणि त्याने गेल्या चार महिन्यांत जमवलेला वैताग, असे दोघेही आले. रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा या गाडीचे १३६८ सीसीचे इंजिन ११४ अश्वशक्ती देत होते. आता तिच्यावर मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि मूळ ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, जागी हवा तसा मॅप (पेट्रोल आणि ठिणगीचे कोष्टक) लिहिता येणारा स्वतंत्र ईसीयू होता. हे सगळे काम दुसऱ्या एका वर्कशॉपने केले होते. गाडी फक्त ऑटोक्रॉसपुरती, म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणांच्या शर्यतीपुरती, वापरायची, रस्त्यावर आणायची नाही, एवढे मी आधीच स्पष्ट करून घेतले.

“दादा, टायमिंग किती बी मागं घेतलं, पेट्रोल किती बी वाढवलं, तरी चार हजाराच्या वर ठोकतीयच बघा,” मालक म्हणाला. म्हणजे ठिणगीची वेळ (टायमिंग) बदलूनही मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) वर इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येत होता.

मी पहिल्यांदा स्पार्क प्लग काढले. चारही प्लगांचे पोर्सिलेन जाड पेट्रोलमुळे काजळीने काळे झाले होते, पण तिसऱ्या सिलिंडरचा प्लग उजेडात धरून भिंगातून पाहिला तेव्हा त्या काजळीवर मिऱ्याची पूड शिंपडावी तसे बारीक, राखाडी, चकाकणारे कण चिकटलेले दिसले. ते ॲल्युमिनियम होते, आणि ज्वलनाच्या जागेत ॲल्युमिनियम यायला पिस्टनखेरीज दुसरी वाट फारशी नसते. मालकाला मी त्या वेळी काही बोललो नाही.

सकाळचा सगळा वेळ पेट्रोलच्या मॅपवर गेला. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. त्याचे कोष्टक भलत्याच इंजेक्टरचे भरलेले होते आणि ती चूक झाकण्यासाठी मॅपमध्ये जागोजागी पेट्रोल ओतले होते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण जुन्या १४.७ ऐवजी साधारण १३.५ भरते, म्हणून मी हवा-पेट्रोलच्या आकड्यावर न जाता लॅम्डावर काम करतो; पूर्ण ज्वलनाच्या प्रमाणाला लॅम्डा एक, आणि पेट्रोल जास्त झाले की तो एकाखाली जातो. भाराखाली ०.७२ दिसणारा लॅम्डा दुपारपर्यंत ०.८० वर आणून ठेवला. ६,००० आरपीएमला चार फटक्यांचे एक चक्र वीस मिलिसेकंदांत संपते आणि इंजेक्टर त्यातले जेमतेम पंधरा उघडे राहत होते, म्हणजे पेट्रोल अपुरे पडते आहे असेही म्हणता येत नव्हते. गाडी हलकी झाली, धूर गेला. ठोकणे मात्र जसेच्या तसे राहिले.

ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधी काही अंश टाकावी लागते, कारण ज्योतीला पसरायला वेळ लागतो आणि दाबाचा कळस पिस्टन माथ्यावरून साधारण पंधरा अंश खाली आल्यावर यावा अशी अपेक्षा असते. ठिणगी फार लवकर पडली तर कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच भडकते, तेच नॉकिंग. बहात्तर मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये त्याचा सूर आठ किलोहर्ट्झच्या जवळपास लागतो. मी ब्लॉकवर बसवलेल्या मायक्रोफोनचा आवाज हेडफोनवर ऐकत डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, गाडी ओढली. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये १८० किलोपास्कल दाब होता. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब ९५ च्या आसपास असतो, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) ०.८५ बार. ३,२०० ला शांत, ३,६०० ला शांत, आणि ३,९०० ओलांडताच पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. टायमिंग बारावरून दहावर आणले, दहावरून आठवर आणले. आवाज कमी झाला, पण सुरू होण्याची जागा हलली नाही.

इथे मला दोन गोष्टी खटकल्या, आणि खरे तर त्या तासभर आधीच खटकायला हव्या होत्या. पहिली अशी की नॉकिंगचा जोर सहसा टॉर्क सर्वाधिक असतो तिथे दिसतो, आणि आरपीएम वाढत जाईल तसा मिश्रणाला भडकायला वेळ कमी मिळतो. इथे सर्वाधिक टॉर्क ३,४०० ला होता आणि तिथे इंजिन गप्प होते. दुसरी गोष्ट एक्झॉस्टच्या तापमानाची. भाराखाली टायमिंग आठ अंशांवर आणले की ज्वलन उशिरा संपते आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. ५,००० आरपीएमला मला नऊशे अंश सेल्सिअसच्या पुढचा आकडा अपेक्षित होता. मीटर ७९० दाखवत होता. आठ अंशांच्या टायमिंगवर इतका थंड एक्झॉस्ट मी कधी पाहिलेला नाही. ठिणगी आठ अंशांवर पडतच नसावी, हा एकच अर्थ उरत होता.

आठ हा आकडा लॅपटॉपच्या पडद्यावरचा होता. ईसीयूने दिलेला तो हुकूम होता. ठिणगी प्रत्यक्षात कुठे पडते हे सांगायला टायमिंग लाइटच लागतो, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखून फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दाखवणारा दिवा. तो मी सकाळी लावला होता, आयडलला दहाला दहा जुळले होते, आणि मी निर्धास्त होऊन लाइट खणात ठेवून दिला होता. आधीच्या वर्कशॉपनेही बहुधा एवढेच केले असावे.

या इंजिनावर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे लाइटचा चिमटा लावायला वायरच नसते. पहिल्या सिलिंडरची कॉइल उचलून तिच्या आणि प्लगच्या मध्ये मी पुन्हा जुन्या मारुतीची प्लगवायर जोडली. क्रँकच्या पुलीचा व्यास १४० मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ४४० आणि एका अंशाला जेमतेम सव्वा मिलिमीटर; त्या मापाने पांढऱ्या टेपवर रेघा मारून टेप पुलीवर चिकटवली. ईसीयूला टायमिंग दहा अंशांवर कुलूपबंद करायला सांगितले आणि आमच्या पोराला ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायला बसवले. ८५० ला दहा. २,००० ला दहा. ३,००० ला दहा. ३,९०० च्या जरा पुढे जाताच रेघ थरथरली आणि टुणकन उडी मारून सोळावर जाऊन बसली. आरपीएम खाली आणला की परत दहावर. आम्ही हे पाच-सहा वेळा करून पाहिले. पोर तर हसायलाच लागला.

उडी बरोबर सहा अंशांची होती, आणि ते कळताच मला उत्तर दिसले. या इंजिनाच्या क्रँकवरच्या चाकाला साठ दात्यांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. एक दाता म्हणजे सहा अंश. ईसीयू त्या रिकाम्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते ओळखतो. लॅपटॉपवर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत लागणाऱ्या वेळाचा आलेख काढला. त्यात रिकाम्या जागेला एकच, तिप्पट उंचीचा खांब दिसायला हवा होता. त्याऐवजी दुप्पट उंचीचे दोन खांब शेजारी शेजारी उभे होते. चुंबकीय सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या की हेच होते. सेन्सरची लहर दात्याच्या मध्यावर झटकन शून्य ओलांडते, ती जागा सोडून ईसीयू दोन दात्यांमधल्या मंद चढावर मोजत राहतो आणि रिकामी जागा दोन तुकड्यांत विभागली जाते. कमी वेगाला तो त्यातला दुसरा तुकडा खूण म्हणून धरत होता, आणि वेग वाढून लहरीचा जोर बदलला की पहिला. एक दाता आधी, सहा अंश लवकर. आठ म्हणता म्हणता चौदा.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. कनेक्टरमधल्या दोन पिना काढल्या, अदलाबदल करून परत बसवल्या, टायमिंग लाइटने नवा ऑफसेट (रिकाम्या जागेपासून क्रँकच्या स्थितीचे अंतर) ठरवला आणि ६,००० पर्यंत रेघ दहावरून हलत नाही हे डोळ्यांनी पाहिले. त्यानंतरचे काम नेहमीचे होते. आठपासून एकेक अंश पुढे नेत गेलो, प्रत्येक अंशाला टॉर्क वाढला. ५,००० ला चौदानंतर वाढ थांबली, म्हणून मी तिथून दोन अंश मागे येऊन बारावर थांबलो. चाकांवरची ताकद सकाळच्या १४१ वरून १६३ अश्वशक्तीवर गेली. हेडफोनमध्ये फक्त टॅपेटची टिकटिक.

मालक खुश होऊन पेढे आणायला निघाला होता, त्याला मी थांबवले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे लांब नळीचा छोटा कॅमेरा, आत सोडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पिस्टनची एक्झॉस्टच्या बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी झिजलेली होती, साधारण नखाएवढी. तो बराच वेळ पाहत राहिला.

“चालंल का ओ दादा?”

“चालेल, पण ०.६ बारच्या वर नाही. पावसाळ्यात हेड उघडू, पिस्टन बदलू, मग पुरा बूस्ट.”

बूस्टची मर्यादा मी त्याच्यासमोरच ईसीयूत उतरवली आणि मॅपला पासवर्ड टाकला.